मागणी असूनही हार्डवेअर कंपनी बुडते ती नेमकी कशी? ऑस्बोर्न, कमोडोर, पेबल

सर्किटकट्टा (प्रश्न)

उचलून नेता येणारे संगणक बनवणारी ऑस्बोर्न कॉम्प्युटर ही कंपनी का बुडाली, याचं उत्तर सगळीकडे एका ओळीत मिळतं. मालक ॲडम ऑस्बोर्नने नवं मॉडेल वेळेआधी जाहीर केलं, लोकांनी जुनं घ्यायचं थांबवलं, कंपनी संपली. याला ‘ऑस्बोर्न परिणाम’ असं नावही पडलंय.

पण तारखा लावून बघितलं तर एवढ्याने समाधान होत नाही. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात ऑस्बोर्न-१ लोकांसमोर आला, किंमत १,७९५ डॉलर. पुढे विक्री महिन्याला १०,००० नगांपर्यंत गेली. आणि १३ सप्टेंबर १९८३ ला कंपनी दिवाळखोरीचा अर्ज घेऊन कोर्टात. अडीच वर्षंही झाली नाहीत. एवढा खप असलेल्या कंपनीला एक घोषणा पुरते?

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. प्रत्येक नगावर नफा असताना पैसा नक्की कुठे अडकतो, हे आकड्यांत. आणि घरगुती संगणक बनवणारी कमोडोर तर स्वतःच्या चिपा स्वतः बनवायची, तिचं एप्रिल १९९४ मध्ये काय झालं. ‘काळाबरोबर बदलले नाहीत’ असली उत्तरं कृपया नकोत, त्यातून काहीच हाती लागत नाही. हजार नगांची बॅच काढणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या कारखान्याला पडताळून बघता येईल असं काही लिहा.

---

झेड८०

ऑस्बोर्नपुरतं लिहितो.

आधी यंत्र डोळ्यांसमोर आणा. वजन जवळपास ११ किलो, शिवणयंत्राच्या पेटीसारखा आकार, आत झेड-८० प्रोसेसर, ६४ केबी मेमरी, दोन फ्लॉपी ड्राइव्ह. मधोमध पाच इंची पडदा. त्यावर एका ओळीत ५२ अक्षरं मावायची. टाइप केलेलं पत्र साधारण ८० अक्षरी ओळीचं असतं, म्हणजे प्रत्येक ओळीची शेवटची २८ अक्षरं पडद्याबाहेर. ती बघायला कंट्रोल दाबून बाणाच्या कळीने पडदा उजवीकडे सरकवायचा, वाचायचं, परत डावीकडे आणायचा. यंत्र आखणाऱ्या ली फेल्सेनस्टाइनने ही रचना खर्च आणि आकार बघून विचारपूर्वक केली होती आणि १९८१ साली ती बरोबरच होती. सोबत वर्डस्टार (मजकूर लिहायला), सुपरकॅल्क (हिशेबाचे तक्ते करायला) आणि बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा मिळायची. तेवढं सॉफ्टवेअर वेगळं घेतलं तर यंत्राच्या किमतीच्या जवळ जायचं. लोकांनी घेतला तो हा सगळा संच.

मग १९८२ मध्ये केप्रो-२ हा स्पर्धक संगणक आला. कंपनी मूळची डिजिटल व्होल्टमीटर बनवणारी, म्हणजे कारखाना चालवणं अंगवळणी पडलेलं. नऊ इंची पडदा, पूर्ण ८० अक्षरं, सोबत सॉफ्टवेअर आणि किंमत १,५९५ डॉलर. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले की गिऱ्हाइकाला समजावून सांगायची गरजच उरत नव्हती. १९८३ च्या सुरुवातीला कॉम्पॅक पोर्टेबल विक्रीला आला. २,९९५ डॉलरपासून पुढे, पण आयबीएम पीसीचं सॉफ्टवेअर त्यावर चालायचं. पहिल्या वर्षात ५३,००० नग गेले.

ऑस्बोर्नचं उत्तर होतं एक्झिक्युटिव्ह हे नवं मॉडेल. सात इंची पडदा, ८० अक्षरं, २,४९५ डॉलर. म्हणजे केप्रोपेक्षा ९०० डॉलर महाग आणि कॉम्पॅकपेक्षा ५०० डॉलर स्वस्त, पण आयबीएमचं सॉफ्टवेअर चालत नाही. ज्याला स्वस्त हवं तो केप्रोकडे, ज्याला आयबीएम हवं तो कॉम्पॅककडे. म्हणून एकटी घोषणा कारणीभूत होती असं मला वाटत नाही. घोषणेने जुन्याचा खप पाडला हे खरं, पण जुन्याची जागा घेईल असं नव्यातही काही नव्हतं. १९८३ च्या उन्हाळ्यात ऑस्बोर्न-१ ची किंमत आधी १,२९५ आणि मग ९९५ डॉलरवर आणावी लागली. भाग मात्र जुन्या भावाने घेतलेले होते.

आणखी एक प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि कारखाना चालवणाऱ्याने तो नीट वाचावा. गोदामात जुन्या मॉडेलचे सुमारे दीड लाख डॉलरचे तयार मदरबोर्ड सापडले. टाकून कसे द्यायचे, म्हणून ते यंत्रात बसवून विकायचं ठरलं. त्यासाठी पिक्चर ट्यूब, ड्राइव्ह, मेमरी, प्लॅस्टिकची पेटी सगळं नव्याने मागवावं लागलं आणि त्यात सुमारे २० लाख डॉलर गेले. तेही अशा वेळी, जेव्हा ते मॉडेल कुणाला नको होतं.

 

---

खतावणी

पैसा कुठे अडकतो त्याचा हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे घालून बघा.

एक डबा, म्हणजे तयार यंत्राचा एक नग, वितरकाला १०,००० रुपयांना जातो. मटेरियल ६,०००, जोडणीचं जॉबवर्क ५००. नगामागे ३,५०० रुपये सुटतात, कागदावर धंदा उत्तम. पहिली बॅच १,००० नग.

आठवडा शून्य: मटेरियलची ऑर्डर, ३० टक्के ॲडव्हान्स, १८ लाख गेले. बारावा आठवडा: माल आला, उरलेले ४२ लाख. त्यातलं ४० लाखांचं मटेरियल आयात असेल तर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे ७.२ लाख, बंदरावरच भरायचे. ते पुढे क्रेडिट म्हणून, म्हणजे विक्रीवरच्या करातून वजा होऊन मिळतात, पण आज खिशातून जातात. कस्टम ड्यूटी आणि इथल्या खरेदीचा जीएसटी मी धरलेलाच नाही. सोळावा आठवडा: जोडणी, ५ लाख. अठरावा आठवडा: टेस्टिंग होऊन माल वितरकाकडे. त्याला ६० दिवसांची उधारी, म्हणजे पैसे येणार साधारण सत्ताविसाव्या आठवड्यात. तोवर ७२.२ लाख बाहेर आणि आत शून्य.

आता चूक इथे होते. मागणी दिसतेय म्हणून तुम्ही दुसरी बॅच १,५०० नगांची धरता. माल तुटू नये म्हणून तिचा ॲडव्हान्स नवव्या आठवड्यातच द्यावा लागतो, २७ लाख. एकविसाव्या आठवड्यात तिचे उरलेले ६३ लाख आणि आयजीएसटी १०.८ लाख. बेरीज करा: एकविसाव्या आठवड्याअखेर १ कोटी ७३ लाख बाहेर गेलेत आणि पहिल्या बॅचचा एक रुपयाही आलेला नाही. नफा नगामागे ३,५०० च आहे. खप जितका वेगाने वाढेल तितका हा खड्डा खोल होतो. ऑस्बोर्नसारखी कंपनी दर महिन्याला हजारो नगांनी वाढत असताना हेच चालू असतं, फक्त शून्यं जास्त.

त्यात जीएसटीची एक गोष्ट नवे लोक विसरतात. माल उधारीवर दिला तरी बिल फाडल्यावर कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा असतो, वितरकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. क्रेडिट वजा जातं, पण फरक रोखीतच भरावा लागतो. आणि जॉबवर्कवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर त्याला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. तुम्ही ६० दिवसांनी घेणार आणि ४५ दिवसांत देणार. हे अंतर भरायला बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा लागते आणि बँक ठरावीक दिवसांपेक्षा जुनी येणी आणि न हलणारा स्टॉक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे त्या घडीला किती रक्कम उचलता येईल या हिशेबात, धरत नाही. म्हणजे माल पडून राहिला की ज्या आठवड्यात पैसे हवेत त्याच आठवड्यात मर्यादा कमी होते. अनेक हार्डवेअर कंपन्यांचा शेवट याच कागदावर होतो.

---

डीलरबाजू

झेड८० यांनी घोषणेला कमी लेखलंय असं मला वाटतं. वितरकाच्या बाजूने बघा. नवं मॉडेल येणार असं कळलं की तो नुसती पुढची ऑर्डर थांबवत नाही. पडून असलेल्या जुन्या मालावर किंमतफरक मागतो, नाहीतर माल परत घ्या म्हणतो. मागचं पेमेंटही हिशेब मिटेपर्यंत रोखून धरतो. खतावणी यांच्या सत्ताविसाव्या आठवड्यात जो एक कोटी यायचा होता, तोच लांबतो. घोषणेचा घाव पुढच्या विक्रीवर बसतो तसा मागच्या उधारीवरही बसतो.

जाहीर कधी करायचं याचा हिशेब सोपा आहे, पण लोक चुकीचा आकडा घेतात. समजा जुन्या मॉडेलचे ३०० नग स्वतःच्या गोदामात आहेत आणि दुकानांतून आठवड्याला १०० विकले जातात. मालक म्हणतो, तीन आठवड्यांचा माल आहे, करा जाहीर. पण वितरक आणि दुकानदारांकडे ६०० पडलेत आणि ज्यांचे भाग घेऊन झालेत असे आणखी ४०० जोडणीत आहेत. एकूण १,३००, म्हणजे १३ आठवडे. नवं मॉडेल सहा आठवड्यांत हातात मिळणार असेल तर ७०० नग अंगावर. जोडणीतले ४०० थांबवता आले तर ३०० उरतात, तेवढ्यांचा किंमतफरक सोसता येतो.

आणि स्वतःची विक्री म्हणजे खप नव्हे. तुम्ही वितरकाला दिलेला नग गिऱ्हाइकाने घेतला की नाही, हे वॉरंटी नोंदणीवरून किंवा दुकानांच्या आठवडी आकड्यांवरून बघा. दोन्हींत फरक वाढत चालला तर घोषणा न करताही माल तुंबतोय.

---

झेड८०

मागच्या उधारीचा मुद्दा मान्य. तो माझ्या लिहिण्यातून सुटला होता.

---

पाचव्होल्ट

कमोडोरबद्दल.

१९७६ मध्ये कमोडोरने मॉस टेक्नॉलॉजी ही चिप बनवणारी कंपनी घेतली. १९८२ चा कमोडोर-६४ त्यामुळेच ५९५ डॉलरला आणता आला आणि पुढे किंमत आणखी खूप खाली नेता आली. त्या भावयुद्धात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ऑक्टोबर १९८३ मध्ये घरगुती संगणकाचा धंदाच सोडला. स्वतःच्या चिपांचा फायदा एवढा मोठा होता. पण चिपांचा कारखाना दर काही वर्षांनी नवी यंत्रसामग्री मागतो. ती घातली नाही की तोच कारखाना गळ्यात पडतो. १९९२ मध्ये कमोडोरचा अमिगा-१२०० हा संगणक आला तेव्हा त्यातली चित्र दाखवणारी मुख्य चिप, लिसा, बाहेरून करून घ्यावी लागली, कारण घरच्या कारखान्यात सीमॉस या पद्धतीच्या चिपांचं तितकं सूक्ष्म काम होत नव्हतं.

त्याच वर्षाचा क्रम बघा. अमिगा-५०० प्लस १९९१ च्या नाताळात विकला आणि काही महिन्यांत बंद केला. जागी आला अमिगा-६००. तो स्वस्त यंत्र म्हणून सुरू झाला होता, पण ब्रिटनमध्ये ५०० प्लसच्याच भावाने, ३९९ पौंडांना आला, वर आकड्यांचा कीपॅड गायब. लोकांना हवा होता तो अमिगा-१२०० ऑक्टोबरमध्ये आला आणि नाताळात पुरेसा मिळेना. ६०० चे ढीग आणि १२०० चा तुटवडा, एकाच हंगामात. घरगुती संगणकाची वर्षाची कमाई नाताळावर असते. तो हंगाम चुकला की चुकीचा माल पुढचे अकरा महिने सांभाळायचा.

१९९३ मध्ये सीडी-३२ हे खेळाचं यंत्र काढलं. ब्रिटनमध्ये चाललं. अमेरिकेत मात्र एका जुन्या पेटंटचे पैसे थकल्यामुळे ते आणता आलं नाही. पेटंट कशाचं, तर पडद्यावर कर्सर उमटवायच्या एक्स-ऑर पद्धतीचं. २९ एप्रिल १९९४ ला कंपनीने गाशा गुंडाळल्याचं जाहीर केलं. १९९५ मध्ये जर्मनीच्या एस्कॉमने मालमत्ता घेतली आणि १९९६ मध्ये एस्कॉमही बुडाली.

कंपनी गेल्यावर यंत्रांचं काय होतं हेही इथेच लिहितो, कारण परदेशातून मागवलेली ही यंत्रं आपल्याकडे अजून लोक चालवतात. कमोडोर-६४ चा मूळ वीजपुरवठा कधीही थेट लावू नका. तो ठोकळा राळेने भरलेला असतो. आतला रेग्युलेटर तापून बिघडला की पाच व्होल्टच्या जागी सहा-सात व्होल्ट येतात आणि सगळ्यात आधी मेमरीच्या चिपा मरतात. यंत्राला लावायच्या आधी मल्टीमीटरने पिन ५ आणि पिन २ मध्ये मोजा, ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर असेल तर तो पुरवठा बाद. मोजून बरोबर आला तरी तापल्यावर बिघडू शकतो, त्यामुळे नवा पुरवठा घेणंच बरं.

अमिगा-५०० प्लस, २००० आणि ४००० मध्ये बोर्डावर निकेल-कॅडमियम बॅटरी आहे. यंत्र चालण्याच्या स्थितीत असो वा बिघडलेलं, ती आधी कापून काढा. गळालेला द्रव अल्कधर्मी असतो. पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा फिरवा, मग शुद्ध पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. ६००, १२००, ४००० आणि सीडी-३२ वरचे पृष्ठभागावर बसवलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर गळतात. सोल्डर चकचकीत न दिसता राखाडी दिसतं आणि सोल्डरिंग आयर्न टेकवलं की मासळीसारखा वास येतो. तो वास आला की गळती नक्की. ओढून काढू नका, बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते. दोन्ही पायांना एकदम उष्णता द्या, पट्ट्या स्वच्छ करा आणि मगच नवीन बसवा.

---

सर्किटकट्टा

फार उपयोगी. खतावणींच्या हिशेबावर एक शंका. गिऱ्हाइकाकडून पैसे आधीच घेतले तर हा खड्डा राहणारच नाही ना? पेबल या स्मार्ट घड्याळं बनवणाऱ्या कंपनीने तेच केलं होतं, तरी ती बंद पडली.

---

खतावणी

पहिल्या बॅचचा खड्डा भरतो, पुढचा नाही.

पेबलने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे जमवायची वेबसाइट) ६८,९२९ लोकांकडून एक कोटी डॉलरहून जास्त जमवले. हे उत्पन्न नव्हतं, घड्याळात फेडायचं देणं होतं. सप्टेंबर २०१२ चा वायदा होता, पाठवणी सुरू झाली जानेवारी २०१३ मध्ये. ती निभावली. २०१५ मध्ये पेबल टाइमसाठी आणखी दोन कोटी तीन लाख डॉलर आले. पण तोवर कंपनी दुकानांतूनही विकत होती आणि दुकानांसाठीचा माल आगाऊ पैशांवर बनत नाही, अंदाजावर बनतो. २०१५ चा अंदाज १०.२ कोटी डॉलर विक्रीचा होता, झाली ८.२ कोटी. म्हणजे पाचांतलं एक घड्याळ अंदाजाप्रमाणे गेलं नाही. त्याच वर्षी ॲपलचं घड्याळ बाजारात आलं होतं. मार्च २०१६ मध्ये ४० जणांना, म्हणजे चौथ्या हिश्श्याला, काढावं लागलं. त्यानंतर पुन्हा किकस्टार्टर, पुन्हा सव्वा कोटीहून जास्त डॉलर, आणि ७ डिसेंबर २०१६ ला बंदची घोषणा. टाइम-२ आणि कोअर ही त्या मोहिमेतली नवी मॉडेल्स लोकांपर्यंत पोचलीच नाहीत, त्यांचे पैसे परत करावे लागले. फिटबिट या दुसऱ्या घड्याळ-कंपनीने सॉफ्टवेअर आणि काही माणसं घेतली, हार्डवेअर नाही.

नव्या मोहिमेचे पैसे जुन्या मालाची देणी फेडायला जायला लागले की थांबा. आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याच बॅचच्या मटेरियलव्यतिरिक्त त्यातून काही देऊ नका.

पेबलवाल्यांचं एक मात्र मनापासून कौतुक वाटतं. बंद होताना त्यांनी फोनचं ॲप असं बदललं की ते दुसऱ्या सर्व्हरकडे वळवता येईल. ३० जून २०१८ ला फिटबिटने सर्व्हर बंद केले तेव्हा रेबल या हौशी गटाने सेवा सुरू ठेवली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने (तोवर फिटबिट तिच्या ताब्यात आली होती) पेबलओएस या घड्याळातल्या सॉफ्टवेअरचा बराचसा कोड खुला केला. विकलेली घड्याळं कचऱ्यात गेली नाहीत.

---

डीलरबाजू

अंदाज वीस टक्क्यांनी चुकणार हे धरूनच भाग मागवायला हवेत. रोधक, कनेक्टर, नेहमीचे मायक्रोकंट्रोलर हे नव्या मॉडेलमध्येही लागतात, नाहीतर बाजारात विकता येतात. अडकवतात ते खास तुमच्यासाठी बनलेले भाग: डिस्प्ले, मोल्डमधून आलेली पेटी, तुमच्या मापाची बॅटरी, छापील खोकी. त्यांची ऑर्डर रद्द होत नाही आणि दुसरं कुणी ते घेत नाही.

समजा खास डिस्प्ले १,००० नग घेतले तर एक ९०० रुपयांना, ५,००० घेतले तर ७८० ला. खरेदीवाला नगामागे १२० वाचले म्हणून खूश. पण ५,००० चे ३९ लाख द्यावे लागले आणि मॉडेल २,००० नगांवर थांबलं, तर प्रत्येक विकलेल्या डब्यातला डिस्प्ले १,९५० ला पडला. हजार-हजारच्या दोन ऑर्डरी महागाने दिल्या असत्या तर १८ लाखांत काम झालं असतं. म्हणून खास भागांचा भाव विचारताना पुरवठादाराकडून तीन गोष्टी लिहून घ्या: किमान किती नग, ऑर्डर कितव्या आठवड्यापर्यंत कमी करता येते, आणि भाग बंद करणार असेल तर किती महिने आधी कळवणार. तिसरी गोष्ट वॉरंटीसाठी लागते. डिस्प्ले बंद झाला आणि दुरुस्तीसाठी ठेवलेला साठा संपला, तर एक डिस्प्ले फुटला म्हणून अख्खा नवा डबा द्यावा लागतो.